एन्रिको फर्मी : न्यूट्रॉनला संथ करणारा शास्त्रज्ञ आणि आजचे किरणोत्सारी उपचार

तुमच्या घरात कोणाला डॉक्टरांनी ‘ल्युटेशियम थेरपी’ सुचवली असेल, किंवा एखाद्या नातेवाइकाने परदेशातल्या ‘बोरॉन थेरपी’ची बातमी मोबाइलवर पाठवली असेल, तर एक प्रश्न मनात आलाच असेल. जगात शंभराहून अधिक मूलद्रव्ये आहेत. मग नेमके ल्युटेशियमच का? बोरॉनच का? लोखंड किंवा कॅल्शियम का नाही?

याचे उत्तर अणूच्या केंद्रकाच्या एका विचित्र स्वभावात आहे. काही केंद्रके न्यूट्रॉन नावाचा कण हजारो पट हावरेपणाने गिळतात, आणि त्यांचीच सख्खी भावंडे त्याच कणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हा स्वभाव जगाला ज्यांच्यामुळे कळला, त्या एन्रिको फर्मी यांचे आयुष्य समजून घेतले की हे उपचारही समजायला सोपे जातात. म्हणून आज औषधाऐवजी एका माणसाची गोष्ट.

भावाचा मृत्यू आणि पुस्तके

फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी इटलीतल्या रोम शहरात झाला. वडील रेल्वे खात्यात नोकरीला, आई शाळेत शिक्षिका. तीन भावंडांत एन्रिको सर्वांत धाकटे. त्यांच्याहून वर्षभराने मोठा भाऊ जुलिओ हाच त्यांचा खेळगडी होता. दोघे मिळून विजेच्या मोटारी बनवत.

१९१५ साली जुलिओच्या घशात गळू झाले. ऑपरेशन अगदी छोटे होते, पण भूल देत असतानाच तो दगावला. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून वाट पाहिलेल्या कोणालाही त्या घरावर काय गुदरले असेल हे सांगायला नको. भूलशास्त्र त्या काळी बाल्यावस्थेत होते. आज भूल देताना ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब यांवर क्षणाक्षणाला लक्ष असते, त्यामुळे असे प्रसंग फार क्वचित घडतात.

एकाकी पडलेल्या मुलाने स्वतःला पुस्तकांत बुडवून घेतले. वडिलांचे एक सहकारी अदोल्फो आमिदेई यांनी त्याची हुशारी ओळखली आणि गणिताची एकेक अवघड पुस्तके त्याला वाचायला दिली. १९१८ साली पिसा येथील नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला, १९२२ मध्ये पदवी मिळाली, आणि पंचविशीत फर्मी रोम विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२८ मध्ये त्यांनी लॉरा कापोन यांच्याशी लग्न केले. पुढे नेल्ला आणि जुलिओ ही मुले झाली. मुलाचे नाव भावाच्या आठवणीतले होते.

रुग्णांसाठी ठेवलेले रेडियम

१९३२ साली इंग्लंडमध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. या कणावर विद्युतभार नसतो. अणूच्या केंद्रकावर धन भार असल्यामुळे ते इतर धनभारित कणांना दूर लोटते, पण न्यूट्रॉनला अशी आडकाठी नसते. तो सरळ आत शिरू शकतो.

१९३४ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी साध्या मूलद्रव्यांवर अल्फा कणांचा मारा करून ती कृत्रिमरीत्या किरणोत्सारी बनवून दाखवली. फर्मी यांनी ठरवले की हेच काम न्यूट्रॉनने करून पाहायचे. पण न्यूट्रॉन आणायचे कुठून?

इथे वैद्यकशास्त्र मदतीला आले. त्यांच्याच इमारतीत सार्वजनिक आरोग्य खात्याची प्रयोगशाळा होती आणि तिथे रेडियम ठेवलेले होते. त्यातून निघणारा रेडॉन वायू त्या काळी कॅन्सरच्या उपचारासाठी वापरत. प्रयोगशाळेचे प्रमुख जुलिओ चेझारे त्राबाक्की यांनी तो वायू फर्मींना दिला. काचेच्या बोटभर नळीत रेडॉन आणि बेरिलियमची पूड बंद केली की न्यूट्रॉन बाहेर पडू लागत. रेडॉन चार दिवसांच्या आतच निम्मा होतो, त्यामुळे नळ्या पुन्हापुन्हा नव्याने भराव्या लागत.

फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी एकामागून एक मूलद्रव्य घेऊन त्यावर न्यूट्रॉन सोडू लागले. हलक्या मूलद्रव्यांपासून सुरुवात केली. पहिली काही साफ निष्फळ गेली, मग फ्लोरीनने दाद दिली. काही पदार्थांची किरणोत्सारिता मिनिटाभरात ओसरे. मोजणी यंत्र दुसऱ्या टोकाच्या खोलीत, म्हणून नमुना हातात घेऊन ही मंडळी इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यातून अक्षरशः धावत सुटत.

मेणाचा तुकडा

ऑक्टोबर १९३४ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. चांदीचा तोच नमुना लाकडी टेबलावर ठेवला तर जास्त किरणोत्सारी होई, संगमरवरी टेबलावर ठेवला तर कमी. टेबलाने काय फरक पडावा?

फर्मी यांनी न्यूट्रॉनचा स्रोत आणि चांदी यांच्यामध्ये पॅराफिन मेणाचा ठोकळा ठेवला. अडथळा आला की परिणाम घटेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. किरणोत्सारिता कित्येक पटींनी वाढली.

काही तासांतच फर्मींना कारण सापडले. ते समजायला कॅरम बोर्ड पुरेसा आहे. एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर सरळ आपटली की पहिली थबकते आणि तिचा वेग दुसरीला मिळतो. तीच सोंगटी बोर्डाच्या लाकडी कडेवर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परत येते. मेणात, लाकडात आणि पाण्यात भरपूर हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनच्या केंद्रकाचे वजन न्यूट्रॉनइतकेच असते. त्यावर आपटत आपटत न्यूट्रॉन संथ होतो. संगमरवरात हे होत नाही. संस्थेच्या बागेतल्या गोड्या माशांच्या हौदात स्रोत आणि चांदी बुडवून त्यांनी पाण्यानेही तेच होते याची खात्री करून घेतली.

तोवर समज अशी होती की कण जितका वेगवान तितका परिणाम मोठा. न्यूट्रॉनच्या बाबतीत नेमके उलटे निघाले. संथ न्यूट्रॉन केंद्रकाजवळ अधिक वेळ रेंगाळतो, त्यामुळे पकडला जाण्याची संधी वाढते.

एकच घर, पण भावंडांचे स्वभाव वेगळे

यानंतर फर्मी आणि एदोआर्दो अमाल्दी यांनी कोणते मूलद्रव्य संथ न्यूट्रॉन किती शोषते हे मोजायला घेतले. बोरॉन आणि कॅडमियम यांची भूक थक्क करणारी होती. कॅडमियमचा मिलिमीटरभर जाडीचा पत्राही जवळजवळ सगळे संथ न्यूट्रॉन अडवतो.

ही भूक मोजायचे एकक पुढे ‘बार्न’ म्हणून रूढ झाले. बार्न म्हणजे धान्याचे कोठार, आणि या एककाला हे नाव गमतीने पडले. एखाद्या मोठ्या केंद्रकाचा आकार साधारण एक बार्न धरा. म्हणजे न्यूट्रॉन हा नेमबाजाचा खडा असेल, तर लक्ष्य एवढे मोठे. आता प्रत्यक्ष आकडे बघा. संथ न्यूट्रॉनसाठी हायड्रोजनचे लक्ष्य ०.३३ बार्न आणि कार्बनचे ०.००३५ बार्न. बोरॉन-१० चे मात्र सुमारे ३,८४० बार्न, कॅडमियम-११३ चे सुमारे २०,००० बार्न आणि गॅडोलिनियम-१५७ चे अडीच लाखांच्या घरात.

नावापुढचा आकडा महत्त्वाचा आहे. एकाच मूलद्रव्याचे अणू रासायनिकदृष्ट्या सारखे असले तरी त्यांच्या केंद्रकातल्या न्यूट्रॉनची संख्या वेगळी असू शकते. त्यांना समस्थानिके किंवा आयसोटोप म्हणतात. निसर्गात मिळणाऱ्या बोरॉनपैकी पाचवा हिस्सा बोरॉन-१० आणि उरलेला बोरॉन-११ असतो. बोरॉन-१० ची भूक हजारांत मोजावी लागते, तर बोरॉन-११ ची जवळपास शून्य. फरक फक्त एका न्यूट्रॉनचा.

असे का होते? केंद्रकातली ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. न्यूट्रॉन आत आला की तो ठरावीक ऊर्जा सोबत आणतो. त्या ऊर्जेने नवे केंद्रक बरोबर एखाद्या पायरीवर पोचले तर न्यूट्रॉन सहज सामावला जातो. दोन पायऱ्यांच्या मधल्या पोकळीत पाय पडला तर ही शक्यता फार कमी होते. पायरी बरोबर जुळण्याला अनुनाद म्हणतात. १९३६ मध्ये नील्स बोर यांनी आणि त्याच वर्षी ब्राइट व विग्नर यांनी याची सैद्धांतिक मांडणी केली.

ज्या केंद्रकात न्यूट्रॉनची संख्या विषम असते, तिथे आलेल्या नव्या न्यूट्रॉनला जोडीदार मिळतो. जोडी जमली की अधिक ऊर्जा मोकळी होते. त्यामुळे नवे केंद्रक जिन्याच्या बऱ्याच वरच्या भागात पोचते, जिथे पायऱ्या सहसा दाट असतात. साहजिकच पाय पायरीवर पडण्याची शक्यता वाढते. कॅडमियम-११३ मध्ये ६५ न्यूट्रॉन, गॅडोलिनियम-१५७ मध्ये ९३, दोन्ही आकडे विषम. तरीही पायरी नेमकी कुठे येईल हा त्या त्या केंद्रकाचा योगायोग असतो, म्हणून विषम संख्येचे प्रत्येक केंद्रक हावरे नसते.

बोरॉन-१० ची तऱ्हा आणखी निराळी. न्यूट्रॉन गिळताच ते टिकतच नाही, लगेच दुभंगते. एक हेलियमचे केंद्रक म्हणजे अल्फा कण आणि एक लिथियमचे केंद्रक असे दोन तुकडे जोराने सुटतात. हे दुभंगणे सहज घडते आणि त्यातून ऊर्जाही मिळते, म्हणून त्याची भूक एवढी मोठी आहे.

रोम सोडावे लागले

१९३८ मध्ये इटलीत ज्यूविरोधी कायदे आले. लॉरा ज्यू होत्या. त्याच वर्षी फर्मी यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला पारितोषिक स्वीकारून हे कुटुंब इटलीत परतलेच नाही. २ जानेवारी १९३९ रोजी ते न्यूयॉर्कला पोचले.

फर्मी यांच्या कामात एक चूकही राहिली होती. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडून युरेनियमच्या पलीकडची नवी मूलद्रव्ये मिळाली असे त्यांना वाटले होते. बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून आणि लीझ माइटनर व ओटो फ्रिश यांच्या विवरणातून स्पष्ट झाले की युरेनियमचे केंद्रक फुटत होते. फर्मी यांनी ते मान्य केले आणि पुढचे काम त्या पायावर उभे केले.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एका स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली त्यांच्या नेतृत्वाखाली जगातली पहिली नियंत्रित अणुभट्टी चालली. तिला लगाम होता कॅडमियमच्या कांड्यांचा. कांडी आत सारली की कॅडमियम न्यूट्रॉन गिळे आणि भट्टी थंडावे. वापरलेल्या ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचा अंशही राहू नये म्हणून आटापिटा करावा लागला होता. तीच भूक एका ठिकाणी उपयोगी, दुसऱ्या ठिकाणी घातक.

सप्टेंबर १९४४ मध्ये हॅनफर्ड येथील मोठी भट्टी सुरू होऊन थोड्याच वेळात आपोआप बंद पडली, आणि काही तासांनी पुन्हा चालू होऊ लागली. फर्मी तिथे हजर होते. जॉन व्हीलर आणि फर्मी यांनी गुन्हेगार शोधला : भट्टीतच तयार होणारा झेनॉन-१३५ वायू. त्याचे अर्धायुष्य सुमारे नऊ तास आणि भूक वीस लाख बार्नहून जास्त. तो भट्टीचे न्यूट्रॉन गिळत होता, आणि विरून गेला की भट्टी जागी होत होती. तिथल्याच प्लुटोनियमपासून नागासाकीवर टाकलेला बॉम्ब बनला. ज्या ज्ञानातून आजचे उपचार आले त्याच ज्ञानातून तो संहारही झाला. पुढे १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्बच्या निर्मितीला फर्मी यांनी नैतिक कारणांवरून विरोध नोंदवला.

तुमच्या उपचाराशी याचा संबंध

न्यूट्रॉन शोषण्याचा उपयोग रुग्णासाठी दोन प्रकारे होतो. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

पहिल्या प्रकारात न्यूट्रॉनचे काम अणुभट्टीतच संपते. साध्या कोबाल्ट-५९ ने न्यूट्रॉन गिळला की किरणोत्सारी कोबाल्ट-६० बनतो. भाभाट्रॉन या भारतीय बनावटीच्या रेडिएशन यंत्रात तोच असतो. ल्युटेशियम-१७६ ची भूक सुमारे दोन हजार बार्न. न्यूट्रॉन गिळून त्याचे ल्युटेशियम-१७७ होते. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार केले जाते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर यांच्या निवडक रुग्णांना हे औषध शिरेतून दिले जाते. ल्युटेशियमची भूक मोठी असल्यामुळेच थोड्या पदार्थातून पुरेसे तीव्र औषध बनवता येते. इथे तुमच्या शरीरावर न्यूट्रॉन सोडले जात नाहीत. औषधातून निघणारे बीटा कण काम करतात. साडेसहा-पावणेसात दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते, म्हणून घरी गेल्यावर लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून किती दिवस अंतर ठेवायचे हे रुग्णालय सांगते. ते काटेकोर पाळा.

दुसरा प्रकार म्हणजे बोरॉन न्यूट्रॉन कॅप्चर थेरपी. फर्मींच्या मेणाच्या प्रयोगानंतर दोनच वर्षांत, १९३६ मध्ये, अमेरिकेतले गॉर्डन लोकर यांनी ही कल्पना मांडली. बोरॉन-१० असलेले औषध ट्यूमरमध्ये साठू द्यायचे आणि मग तिथे न्यूट्रॉन सोडायचे. सुटणारे दोन्ही तुकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतर जातात, म्हणजे साधारण एका पेशीच्या आतच थांबतात. बोरॉन असलेली पेशी मरते, शेजारची बरीचशी वाचते.

कल्पना सुंदर असली तरी वाट खडतर निघाली. १९५१ ते १९६१ या काळात अमेरिकेत मेंदूच्या ट्यूमरवर झालेले प्रयोग अपयशी ठरले, कारण बोरॉन ट्यूमरऐवजी रक्तातही बराच राहत होता आणि न्यूट्रॉन खोलवर पोचत नव्हते. जपानमध्ये हिरोशी हातानाका यांनी १९६८ पासून काम चालू ठेवले. अखेर २०२० साली जपानने डोके व मानेच्या काही कॅन्सरसाठी, म्हणजे शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा पुन्हा उलटलेल्या आजारासाठी, या उपचाराला मान्यता दिली. हा सर्वत्र मिळणारा किंवा सगळ्या कॅन्सरना चालणारा उपचार नाही. परदेशात जाण्यासाठी घर गहाण टाकण्याआधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा : आमच्या आजाराच्या प्रकारावर आणि टप्प्यावर याचा पुरावा आहे का? आणि इथे उपलब्ध असलेला कोणता उपचार त्यासाठी लांबणीवर पडेल?

अखेरचे दिवस

१९५४ च्या उन्हाळ्यात फर्मी इटली आणि फ्रान्समध्ये व्याख्याने देत होते. तब्येत ढासळत होती, अन्न जात नव्हते. शिकागोला परतल्यावर ऑक्टोबरमध्ये पोट उघडून पाहिले, तेव्हा जठराचा कॅन्सर पसरलेला आढळला. करण्यासारखे काही उरले नव्हते. भेटायला आलेल्या जुन्या सहकाऱ्याला दिसले की नळीतून पोटात जाणाऱ्या द्रवाचे थेंब ते हातातल्या घड्याळावर मोजत आहेत. निदान त्यांना माहीत होते, आणि ते शांत होते. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी घरीच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कॅन्सरला किरणोत्सार कारणीभूत होता का, असे अनेक जण विचारतात. एखाद्या एका माणसाच्या बाबतीत हे खात्रीने सांगता येत नाही. त्या काळी जठराचा कॅन्सर तसाही खूप आढळत असे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्याचे मोठे कारण आहे, हे तर पुढे कित्येक दशकांनी कळले. आज हा जंतू तपासता येतो, औषधांनी घालवता येतो, आणि एंडोस्कोपीने आजार लवकर सापडू शकतो.

लक्षात ठेवा

- बोरॉनच्या गोळ्या किंवा टाकणखार खाऊन कॅन्सर बरा होत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याशिवाय बोरॉन हे काम करत नाही, आणि टाकणखार पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.
- एमआरआयच्या इंजेक्शनात गॅडोलिनियम असते, पण ते किरणोत्सारी नसते. तिथे त्याच्या चुंबकीय गुणाचा उपयोग होतो, न्यूट्रॉनचा काही संबंध नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा.
- ल्युटेशियमसारख्या उपचाराआधी औषध ट्यूमरमध्ये साठते का, हे स्कॅनने पाहिले जाते. स्कॅनमध्ये ते दिसले नाही तर उपचाराचा उपयोग होणार नाही. तो नाकारला गेला तर त्यामागे हे कारण असू शकते. डॉक्टरांना तसे विचारा.
- कारण नसताना वजन घटणे, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे, सतत अपचन, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांकडे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. बाकी तक्रारी दोन-तीन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांना भेटून एंडोस्कोपीबद्दल विचारा. फर्मींच्या वेळी पोट उघडल्याशिवाय निदान पक्के झाले नाही. तुम्हाला काही मिनिटांच्या तपासणीत उत्तर मिळू शकते.